एक भुताचं, एक खऱ्या माणसाचं

माझ्या घरमालकांनी पुस्तक ज्या भिंतीवर फेकून मारलं, ती भिंत अर्धी माझी होती. शहापुरात सापगाव रस्त्याला त्यांच्या घराच्या मागच्या दोन खोल्या मी भाड्यानं घेतल्या होत्या. शेणव्याच्या शाळेत माझी बदली झाली होती आणि राहायला येऊन मला आठवडासुद्धा झाला नव्हता. रविवारची दुपार. जरा डोळा लागतोय तोच भिंतीवर धाडकन काहीतरी आपटलं आणि माझं कॅलेंडर खाली आलं. मी तशीच पदर खोचून पुढच्या ओटीवर गेले. माझ्या जिभेला हाड नाही हे आमच्या मुरबाडला सगळ्यांना ठाऊक आहे, शहापूरला कळायचं बाकी होतं.

"काका, हा काय प्रकार आहे?"

बनियन आणि जुनी खाकी पँट घातलेले काका ओटीवर उभे होते, रागानं लालबुंद. मी चिडले होते, पण हा माणूस माझ्या दुप्पट चिडलेला.

"बाई, परत तोच निघाला!"

"कोण?"

"खुनी! बिनलग्नाचा! बंगल्यात एकटा ऱ्हातो, गुलाबाला पाणी घालतो, कोणाच्या अध्यात ना मध्यात. पयल्याच पानावर मी याला सांगितलं, बघ, खून याच्याच गळ्यात मारणार. आणि मारलंनच! अख्खी फळी वाचून झाली माझी. एका तरी पुस्तकात बायकापोरांचा माणूस खुनी निघावा का नाय? संसारी लोक काय खून करत नायत?"

'याला' म्हणजे शेजारी आरामखुर्चीत बसलेल्या टेलर मास्तरांना. काळा चष्मा लावलेला किडकिडीत माणूस, मांडीवर घडी केलेला टॉवेल. ते गालात हसत होते. "बाईंचं भिंतीवरचं कायतरी पडलं," ते म्हणाले. "जा, लावून दे आधी." मास्तरांना साखरेच्या आजारानं दिसेनासं झालं होतं, हे मला नंतर कळलं.

काकांनी निमूटपणे येऊन खिळा ठोकून दिला. ठोकताना मात्र त्या लेखकाच्या सात पिढ्यांचा उद्धार चालला होता.

काका एसटीत वाहतूक नियंत्रक होते. आधी मुरबाडच्या स्टँडवर, मग शहापूरच्या. जन्मभर माइकवरून गाड्या पुकारल्यामुळे त्यांना हळू बोलताच येत नव्हतं. चहात साखर कमी झाली तरी आळीला कळायचं. त्याच आवाजात ते रोज दुपारी मास्तरांना पुस्तक वाचून दाखवत. नियम ठरलेला होता, एक प्रकरण भुताचं, एक खऱ्या माणसाचं. भुताचं काकांसाठी. खऱ्या माणसाचं मास्तरांसाठी.

भुताची पुस्तकं कल्याणच्या एका रद्दीवाल्याकडून येत, त्यांत मधूनच खुनाचीही निघत. खिशात मावणारी, कागद हळदीसारखा पिवळा, वरती केस मोकळे सोडलेली बाई आणि तिच्यामागे पडका बंगला. काका ती आधी हुंगत, मग वाचत. भुतावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. मास्तरांचा होता. प्रकरण रंगात आलं की मास्तर चाचपडत काकांच्या बाहीचं टोक धरून ठेवत. काका वाचता वाचताच, "अरे, छापलेलं भूत हाय, चावत नाय," म्हणत. पण बाही सोडवून घेताना मी त्यांना कधी पाहिलं नाही.

खऱ्या माणसांची पुस्तकं म्हणजे आत्मचरित्रं, आणि तीही ठरावीक लोकांची. पुरुषावर जीव जडलेला पुरुष, बाईबरोबर संसार मांडणारी बाई, घरातून हाकलून दिलेली आणि टाळ्या वाजवत पोट भरणारी तृतीयपंथी. ही पुस्तकं नवी होती, रद्दीत मिळत नव्हती. ठाण्याला एकदा पुस्तकांचं प्रदर्शन भरलं तेव्हा काका मला सोबत घेऊन गेले. काउंटरवरच्या मुलीला त्यांनी आपल्या स्टँडवरच्या आवाजात विचारलं, "पुरुषानं पुरुषावर प्रेम केलं, अशी आत्मचरित्रं कुठं ठेवलीत?"

सगळा मंडप वळून बघायला लागला. एका गृहस्थांनी तर आपल्या बायकोला दंडाला धरून बाजूला नेलं, जसं काही सांड सुटला होता. त्या मुलीनं आवाज एवढा खाली आणला की मलाही ऐकू येईना. "सर, ती तिकडे, अगदी खालच्या कप्प्यात आहेत."

"खाली का? माझे गुडघे दुखतात. वरती ठेवा. पाककृतीची पुस्तकं ठेवा खाली, त्या लोकांचे गुडघे चांगले असतील."

ती बिचारी हसली आणि स्वतः वाकून तिनं चार पुस्तकं काढून दिली. वर विचारलं, "खाकी कागदात बांधून देऊ?" झालं. काकांचं माथं भडकलं. पुस्तकाला कव्हर घालणं हा त्यांच्या लेखी गुन्हा होता. "कशाला? त्यानं कायपण चोरलं नाय. तोंड झाकून का जाईल माझ्यासोबत?" परतीच्या एसटीत त्यातलं एक पुस्तक त्यांनी मुद्दाम असं धरलं की समोरच्या बाकावरच्या लोकांना नाव वाचता यावं. लोक नाव वाचत आणि खिडकीबाहेर बघायला लागत. मला तर वाटत होतं की एकेकाची मान धरून पुन्हा पुस्तकाकडे वळवावी.

ही आत्मचरित्रं वाचतानासुद्धा काकांचा संताप व्हायचाच. "हा पण मुंबईला गेला! ती पुण्याला. हा तर फॉरिनला! सगळ्यांनाच पळायचंय. आमी काय शहापुरात ऱ्हाऊन पाप केलं? भूत बरं एक वेळ. लोक पळतात, पण ते आपलं घर सोडत नाय."

"आपण नाय पळालो ना," मास्तर म्हणायचे. "मग झालं तर."

त्यांची भेट मुरबाडच्या स्टँडसमोर झाली होती. मास्तरांचं तिथं शिलाईचं दुकान होतं. काका एक खाकी पँट कमरेत सैल करायला घेऊन गेले. मग घट्ट करायला. मग परत सैल करायला. "बाई, त्या पँटीत काहीच बिघाड नव्हता," मास्तर मला सांगत होते, "तिसऱ्या खेपेला मी नुसती इस्त्री करून परत दिली. म्हणाला, आता कशी बरोबर बसली." काका लगेच ओरडले, "बसलीच होती बरोबर!" एवढ्या वर्षांनीसुद्धा त्यांना ते कबूल करायचं नव्हतं. मी पोट धरून हसले. असं लाजून ओरडणारा माणूस मी तरी दुसरा बघितला नाही.

आळीला हे ठाऊक नव्हतं असं नाही. आळीला सगळं ठाऊक असतं. पण मला मात्र विचारायचे, "तुमच्या मालकांकडे ते दुसरे राहतात ना, ते नक्की कोण हो त्यांचे?" मी म्हणायची, मास्तर. "हो, पण कोण?" आता यांना काय उत्तर हवं होतं? माहीत असलेलं माझ्या तोंडून काढून घ्यायचं आणि मग तोंडावर हात ठेवून अय्या म्हणायचं! मी सरळ सांगायची, "ते समोर बसलेत, जाऊन विचारा." एकीची हिंमत झाली नाही.

एक शेजारची म्हातारी तेवढी निराळी. तिला कानानं जरा कमी ऐकू यायचं. रोज दुपारी ठरावीक वेळेला लागणारा तो खणखणीत सूर ऐकून तिची समजूत झाली की काकांनी पोथी लावली आहे. श्रावण होता. ती आपल्या पायरीवर बसून हात जोडून ऐकायची, आणि प्रकरण संपलं की वाटीतून शिरा पाठवायची. महिनाभर या दोघांनी भुताच्या नावानं शिरा खाल्ला. शेवटी मास्तरांनाच राहवेना. त्यांनी तिला बोलावून खरं सांगून टाकलं. म्हातारी म्हणाली, "असूं दे. पण त्या विहिरीतल्या बाईचं पुढं काय झालं?" तेव्हापासून ती ओटीवर येऊन ऐकू लागली, दोन्ही प्रकरणं. एका तृतीयपंथीच्या तोंडावर आईनं दार लावून घेतल्याचं प्रकरण ऐकून ती सगळ्यात आधी भडकली. "रांडेला पान्हा फुटला नव्हता का गो!" म्हणाली. आमच्या शाळेत बालमानसशास्त्रावर भाषणं देणाऱ्या साहेबांना मी हे वाक्य ऐकवणार होते, राहून गेलं.

काकांची एक लबाडी मला फार उशिरा कळली. भुताच्या पुस्तकाचा शेवट ते मरून गेले तरी आधी वाचायचे नाहीत. आत्मचरित्राचा मात्र गुपचूप आधी वाचून ठेवायचे. शेवट वाईट असला तर मास्तरांना वाचून दाखवताना तो सरळ बदलून टाकायचे. मी एकदा त्यांच्याकडून एक पुस्तक वाचायला नेलं. ओटीवर मी ऐकलं होतं की त्या दोघी बायकांनी नाशिकला घर घेतलं आणि दारात जास्वंद लावली. पुस्तकात घरही नव्हतं, जास्वंदही नव्हती. एकीचं जबरदस्तीनं लग्न लावून दिलं होतं. मी जाब विचारायला गेले तर काका पहिल्यांदाच हळू आवाजात बोलले. "बाई, तो रडतो. डोळ्यांना चांगलं नाय ते." मी पुस्तक परत दिलं.

एका पुस्तकात मात्र ते फसले. वाईट गोष्ट शेवटाला नव्हती, मध्येच होती, आणि ती त्यांनी आधी पाहिली नव्हती. लिहिणाऱ्याचा जोडीदार वारतो. घरचे लोक येऊन प्रेत घेऊन जातात, आणि इतकी वर्षं एका ताटात जेवलेला हा माणूस फाटकाबाहेर रस्त्यावर उभा राहतो. आत बोलवत नाहीत. कोण म्हणून बोलवायचं? काका वाचत गेले. मास्तरांनी हात वर केला.

"मिट ते."

"पुढं बरं होतं रे..."

"मिट म्हणतो ना. ऐक माझं. माझ्या दहाव्याला तू पुढं बसायचं. मागं उभा ऱ्हायलास तर मी भूत होऊन येईन, आणि छापलेलं नाय हं."

मास्तरांना एवढं गंभीर मी कधी पाहिलं नव्हतं. त्यांचा पुतण्या मुरबाडजवळच्या गावात राहायचा, भात झोडून झालं की दरवर्षी नव्या तांदळाचं पोतं आणून टाकायचा. त्या वर्षी तो आला तेव्हा मास्तरांनी त्याला समोर बसवलं. मी चहा घेऊन आले होते, म्हणून मी साक्षीदार आहे. मास्तर म्हणाले, "माझं करशील ते तूच करशील, तुझा मान हाय. पण घाटावर तुझ्या बाजूला हा बसंल. पुढं. समजलं?"

पुतण्या बशीतला चहा ओढत म्हणाला, "तात्या, सांगायला कशाला लागतंय? काका घरचेच ना." हे त्याचे शब्द. जसेच्या तसे. माझी स्मरणशक्ती चांगली आहे आणि अशा बाबतीत ती फारच चांगली आहे.

गेल्या वर्षी भात कापणीला आलं होतं तेव्हा मास्तर गेले. सकाळी दवाखान्यात नेलं, दुपारपर्यंत आटोपलं. पुतण्या जीप घेऊन आला आणि गावाला घेऊन गेला. जीपमध्ये भावकीची माणसं दाटीनं बसली होती. काकांना कोणी जागा दिली नाही. आम्ही दोघं मागून रिक्षानं गेलो. पोचलो तेव्हा अग्नी देऊन झाला होता. घाई काय होती एवढी? पाऊस नव्हता, अंधार नव्हता. मी विचारलंच एकाला. तो म्हणाला, "ताई, सगळे जमले होते." सगळे!

चौथ्या दिवशी मुरबाडच्या नाक्यावर बॅनर लागला. मास्तरांचा तरुणपणीचा फोटो, खाली शोकाकुल म्हणून पुतण्या, पुतण्याचा मेव्हणा, त्या मेव्हण्याचा कोणी पुढारी, आणि शेवटच्या ओळीत 'व मित्रमंडळ'. काका बॅनरखाली उभे राहून पुन्हा पुन्हा वाचत होते. "मित्रमंडळ," ते म्हणाले. "बाई, मी मंडळ झालो." मला तो बॅनर तिथल्या तिथं फाडायचा होता. काकांनी हात धरला. "फोटो चांगला हाय त्याचा," म्हणाले.

दहाव्याला आम्ही काळू नदीच्या काठावर गेलो. काका धुतलेला सदरा घालून, वहाणा लांब काढून पुढं निघाले. पुतण्यानं त्यांना मध्येच गाठलं. "काका, तुमी तिकडं सावलीला बसा ना. पुढं भावकी बसंल. लोक आलेत, उगाच कायतरी बोलतील." आणि गाड्या उभ्या होत्या तिथं बोट दाखवलं. मी तोंड उघडलं तशी काका म्हणाले, "बाई, आज नको. त्याचा दिवस हाय." आणि ते खरंच गाड्यांजवळ जाऊन, सावली सोडून उन्हात उभे राहिले. मास्तरांनी नेमकं जे नको म्हणून सांगितलं होतं, तेच.

पिंड ठेवला. सगळे लांब होऊन बसले. उंबरावर कावळे होते, पण एक खाली उतरेना. आपल्याकडे अशा वेळी जवळच्या माणसानं पुढं होऊन हात जोडायचे आणि गेलेल्या माणसाला शब्द द्यायचा की तुझं अमुक मी बघेन, काळजी करू नको. मग कावळा शिवतो. पुतण्या उठला. म्हणाला, "तात्या, दुकानाचा गाळा मी सांभाळीन." कावळा नाही. त्याची बायको म्हणाली, "वर्षश्राद्ध नीट करू." कावळा नाही. मेव्हणा उठला, ज्यानं मास्तरांना आयुष्यात दोनदा पाहिलं असेल, तोही काहीतरी बोलला. एक एक करत अख्खी भावकी झाली. मास्तरांची म्हातारी बहीण पुतण्याची बाही ओढून म्हणाली, "अरे, त्याला बोलव ना रे. त्याच्यासाठीच आडलंय." हे सगळ्यांनी ऐकलं. सगळ्यांच्या माना एकदा गाड्यांकडे वळल्या आणि परत जागच्या जागी आल्या.

भटजींना दुसरीकडे जायचं होतं. ते म्हणाले, "काय करायचं?"

पुतण्या म्हणाला, "दर्भाचा करा."

आणि भटजींनी दर्भाच्या चार काड्या वळून कावळा केला आणि तो पिंडाला लावला. तोही चालतो, शास्त्रात आहे म्हणे. गवताचा कावळा चालला या लोकांना! जिवंत माणूस पंचवीस पावलांवर उन्हात उभा होता, त्याला एक हाक मारणं जड गेलं. मी सरळ जाऊन पुतण्याला म्हटलं, "तू चहा पिताना काय बोलला होतास?" तो म्हणाला, "ताई, तुमाला आमच्यातलं कळत नाय." मला! मुरबाडात जन्म गेलेल्या बाईला!

लोक उठले, जेवणाकडे निघाले. भावकीची डोकी सकाळीच भादरून झाली होती. पुतण्यानं तर नुसती एक बट कापून घेतली होती, पुढल्या आठवड्यात कुठं तरी हळद होती म्हणून. न्हावी पेटी आवरत होता. तेव्हा काका गाड्यांजवळून चालत आले. सावकाश, कोणाकडे न बघता. न्हाव्याला म्हणाले, "पेटी घेऊन चल." आणि पिंडाच्या समोर, जिथं पुतण्या बसला होता, त्याच्या बाजूच्या जागेवर मांडी घालून बसले. डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"काढ."

न्हाव्यानं पुतण्याकडे पाहिलं. पुतण्या धावत आला. "काका, तुमाला नाय लागत हे. तुमी भावकीतले नाय."

"डोकं माझंच हाय ना?" काका म्हणाले. "का ते पण भावकीचं?"

जेवणाकडे गेलेली माणसं थांबली. पुतण्या बाजूला झाला. न्हाव्यानं नदीचं पाणी घेऊन काकांचं डोकं भिजवलं. पांढरे केस मांडीवर पडत होते. डोकं झालं आणि त्यानं हात थांबवला. आमच्याकडे डोकं भावकीतले सगळेच काढतात, मिशी मात्र ज्याच्या घरातलं माणूस गेलं तोच काढतो. तो खाली वाकून म्हणाला, "मिशी ठेवू?"

"ती पण काढ," काका म्हणाले. "माझ्या घरातलं माणूस गेलंय."

न्हाव्यानं मग कोणाला विचारलं नाही. वस्तऱ्यात नवं पातं घातलं आणि काकांची हनुवटी हातात धरली. तेव्हा काकांच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि त्यांनी ते पुसलं नाही. म्हातारी बहीण येऊन त्यांच्या शेजारी बसली.

आता लोक मला विचारतात, मग कावळा शिवला का हो शेवटी? शाळेत विचारतात, एसटीत विचारतात. मला ठाऊक नाही. मी त्या झाडाकडे पाहिलंच नाही. एक माणूस सगळ्या गावासमोर पुढं जाऊन बसला, आणि यांना अजून कावळ्याची पडली आहे!